वाटेवरचा मुक्काम

प्रवासाचा इतिहास सांगताना माणसे निघाल्याचा दिवस सांगतात आणि पोहोचल्याचा दिवस सांगतात. मधल्या थांब्यांची गणना सहसा कोणी करीत नाही. परक्या शहरात पुढच्या वाहनाची वाट पाहण्यात गेलेला वेळ म्हणजे आयुष्यातून वजा झालेला वेळ, अशीच सर्वसाधारण समजूत असते. मराठीत मात्र अशा वेळेसाठी दोन निराळे शब्द आहेत. वारा पडला, वाहन चुकले, वाट अडली आणि नाइलाजाने थांबावे लागले, तर तो खोळंबा. तेच थांबणे मनाने पत्करले, पथारी पसरली, गावाची विचारपूस केली, तर तो मुक्काम. घटका दोहोंतही तितक्याच असतात. फरक पडतो तो थांबणाऱ्याच्या वृत्तीत, आणि पुष्कळदा त्याला थांबवून घेणाऱ्या गावाच्याही वृत्तीत. विमानतळाच्या काचेआड आठ-दहा तास कंठणाऱ्या आजच्या उतारूचा प्रश्न नवा वाटतो खरा. पण त्याची मुळे पुष्कळ जुनी आहेत.

शिडाच्या जहाजांच्या काळी पूर्वेकडील समुद्रांवर मोसमी वाऱ्यांचे राज्य होते. एका ऋतूत वारा ईशान्येकडून वाहावयाचा, दुसऱ्या ऋतूत नैऋत्येकडून. चीनहून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या जहाजाला एकच वारा सबंध वाट पुरत नसे. मध्ये कोठेतरी नांगर टाकून वारा फिरण्याची वाट पाहावी लागे. सुमात्रा बेटावरील श्रीविजय हे राज्य या प्रतीक्षेवरच समृद्ध झाले. त्याची राजधानी आजच्या पालेम्बांगच्या परिसरात होती. दोन वाऱ्यांच्या सांध्यावर वसलेले ते शहर व्यापाऱ्यांचे विसाव्याचे ठिकाण होते, आणि त्याच कारणाने ते विद्येचेही ठिकाण झाले.

इ. स. ६७१ मध्ये इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू क्वांगचौ बंदरातून एका इराणी जहाजावर चढला. त्याला नालंदेला जावयाचे होते. वीस दिवसांच्या आत जहाज श्रीविजयाला लागले. तेथे इत्सिंग सहा महिने राहिला. त्या सहा महिन्यांत त्याने शब्दविद्या, म्हणजे संस्कृत व्याकरण, शिकण्यास प्रारंभ केला. पुढे मलायूला दोन महिने काढून, केडाहमार्गे, इ. स. ६७३ मध्ये तो बंगालच्या किनाऱ्यावरील ताम्रलिप्तीस उतरला. ज्या देशात जावयाचे त्या देशाच्या विद्येची भाषा वाटेवरच्या परक्या नगरात शिकून घ्यावी, ही दृष्टी त्याच्या साऱ्या आयुष्याला उपयोगी पडली. नालंदेत त्याने सुमारे दहा वर्षे अध्ययन केले.

परतीच्या वाटेवर इत्सिंग पुन्हा श्रीविजयालाच थांबला, आणि या वेळी त्याचा मुक्काम वर्षानुवर्षे लांबला. त्याने बरोबर आणलेल्या ग्रंथांचे भाषांतर तेथेच आरंभले. त्या कामाला कागद आणि शाई अपुरी पडू लागली. तेव्हा ती मागविण्यासाठी लिहिलेले पत्र पोहोचते करावे म्हणून इ. स. ६८९ मध्ये तो चीनकडे निघालेल्या एका व्यापारी जहाजावर गेला. तेवढ्यात वारा अनुकूल झाला, शिडे उभारली गेली आणि उतरण्याची सवड न मिळाल्यामुळे पत्र देण्यास गेलेला हा पंडित त्या पत्राबरोबरच क्वांगचौला जाऊन पोहोचला! त्याची पुस्तके श्रीविजयाला राहिली होती. म्हणून त्याच वर्षी काही साहाय्यकांना घेऊन तो परत आला. स्वदेशाच्या भूमीवर पाय ठेवल्यानंतरही वाटेवरच्या मुक्कामाकडे माघारी येणारा असा प्रवासी विरळाच. श्रीविजयात सहस्राहून अधिक भिक्षू अध्ययनात मग्न आहेत, आणि हिंदुस्थानास जाऊ इच्छिणाऱ्या चिनी भिक्षूने प्रथम येथे एक-दोन वर्षे राहून तयारी करावी, असा सल्ला त्याने लिहून ठेवला आहे. वारा फिरण्याची वाट पाहणे हे जेथे व्यापाऱ्यांचे दुखणे होते, तेथे इत्सिंगने पाठशाळा पाहिली.

वाफेच्या जहाजांनी वाऱ्याचे दास्य संपविले. पण थांबणे संपले नाही. आता कोळसा भरणे, माल उतरवणे आणि टपाल देणे यांसाठी बंदरे घ्यावी लागू लागली. ३१ मे १८९३ रोजी स्वामी विवेकानंद मुंबईहून अमेरिकेस निघाले, ते अशाच वाटेने. जहाज कोलंबोला जवळजवळ दिवसभर थांबले. स्वामीजींनी खाली उतरून नगर पाहिले, निर्वाणशय्येवर पहुडलेल्या बुद्धाची भव्य मूर्ती पाहिली. तेथील पुजाऱ्यांशी बोलण्याचा त्यांनी प्रयत्न केला. परंतु त्या मंडळींना सिंहलीवाचून दुसरी भाषा येत नव्हती. हाँगकाँगला जहाज तीन दिवस थांबणार होते. त्या तीन दिवसांचा उपयोग करून ते नदीने सुमारे ऐंशी मैल आत असलेले कँटन शहर पाहून आले. हे कँटन म्हणजेच इत्सिंगने जेथून शिडे उभारली ते क्वांगचौ. जपानात तर त्यांनी कोबे येथे जहाजच सोडले आणि ओसाका, क्योटो, टोकियो ही अंतर्भागातील शहरे पाहत ते खुष्कीच्या मार्गाने योकोहामाला गेले. जपानी देवालयांत जुन्या बंगाली वळणाच्या लिपीत लिहिलेले संस्कृत मंत्र त्यांच्या दृष्टीस पडले. १० जुलै १८९३ रोजी योकोहामाहून मद्रासच्या मित्रांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा सारा वृत्तांत कळविला, आणि दरवर्षी आपल्या तरुणांपैकी काही जणांनी चीन-जपान पाहून यावे, अशी इच्छा प्रकट केली. शिकागोच्या व्यासपीठाची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. त्या व्यासपीठाकडे जाणारी वाटही त्यांनी डोळे मिटून काटली नव्हती, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

विमान आले तेव्हा आता थांबणे इतिहासजमा होईल असे पुष्कळांस वाटले असेल. प्रारंभी घडले ते उलटेच. १९२९ मध्ये लंडन-कराची ही विमानसेवा सुरू झाली, तिला सात दिवस लागत, आणि त्यातील काही अंतर आगगाडीने काटावे लागे. विमाने रात्री बहुधा उडत नसत. शिवाय त्यांच्या टाक्यांत दूरवर पुरेल इतके इंधन मावत नसे. म्हणून इराकच्या वाळवंटात रुतबा येथील विहिरींजवळ गढीसारखे विश्रांतिगृह उभे राहिले. १९३२ मध्ये मार्ग इराणी आखाताच्या अरबी किनाऱ्यावर आला, तेव्हा शारजा येथेही तसेच एक विश्रांतिगृह बांधण्यात आले. आज त्या वास्तूत वस्तुसंग्रहालय आहे. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून एअर-इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान लंडनला निघाले, तेही कैरो आणि जिनीव्हा असे थांबे घेतच. विमानाची तहान हेच त्या काळी मुक्कामाचे कारण होते.

या तहानेतून आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एक विलक्षण प्रकरण घडले. शॅनन नदीच्या मुखाशी फॉइन्स नावाचे लहानसे गाव आहे. अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या, पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तळ १९३९ ते १९४५ या काळात तेथे होता. १९४३ च्या हिवाळ्यातील एका रात्री अमेरिकेकडे निघालेले विमान वादळी हवेमुळे अर्ध्या वाटेवरून परतले. गारठलेल्या उतारूंसाठी तेथील आचारी जो शेरिडन याने गरम कॉफीत आयरिश व्हिस्की आणि साखर घालून वर सायीचा थर दिला, आणि जगप्रसिद्ध ‘आयरिश कॉफी’ जन्मास आली, असे सांगतात. ज्या पेयाचे नाव पुढे देशोदेशीच्या उपाहारगृहांत गेले, ते जन्मले खोळंब्याच्या पोटी.

युद्ध संपले, जमिनीवर उतरणारी विमाने आली आणि नदीच्या पलीकडील तीरावरचा शॅनन विमानतळ गजबजू लागला. तेथील खानपानव्यवस्थेचे प्रमुख ब्रेंडन ओरेगन यांना एक साधीच गोष्ट सुचली. विमानातून उतरलेला, पण देशात प्रवेश न केलेला उतारू कायद्याच्या दृष्टीने कोठेच नसतो. मग त्याने विकत घेतलेल्या वस्तूवर जकात का असावी? १९४७ मध्ये आयर्लंडने तसा कायदा केला आणि विमानतळावरील जगातील पहिले जकातमुक्त दुकान शॅननला उघडले. पुढे लांब पल्ल्याची जेट विमाने आली. त्यांना शॅननला उतरण्याची गरज उरली नाही. थांब्यावर जगणाऱ्या गावाचा थांबाच जाणार, असा तो प्रसंग होता. ओरेगन आणि त्यांचे सहकारी हातावर हात ठेवून बसले नाहीत. १९५९ मध्ये विमानतळाला लागून करमुक्त औद्योगिक वसाहत उभारण्याचे काम सुरू झाले. जवळच बनरॅटीचा पंधराव्या शतकातील किल्ला होता. त्याचा जीर्णोद्धार होऊन १९६० मध्ये तो लोकांसाठी खुला झाला, आणि १९६३ पासून तेथे मध्ययुगीन थाटाच्या मेजवान्या होऊ लागल्या. ज्याला उतरावे लागत होते, त्या उतारूला आता उतरावेसे वाटावे, हा त्यामागील हेतू. आइसलँडच्या विमान कंपनीनेही साठच्या दशकात हाच मार्ग धरला. युरोप-अमेरिकेच्या वाटेवरील आपल्या बेटावर एक-दोन दिवस राहून जाण्याचे निमंत्रण तिने उतारूंना दिले. ती प्रथा आजतागायत चालू आहे.

मात्र यजमानपणाची खरी कसोटी व्यापाराच्या दिवसांत लागत नाही. न्यूफाउंडलंड बेटावरील गँडर हा विमानतळ १९३८ मध्ये सुरू झाला. शॅननप्रमाणेच अटलांटिक ओलांडणारी विमाने तेथे इंधन घेत, आणि शॅननप्रमाणेच जेट विमानांनी त्यालाही मागे टाकले. उरली ती लांबलचक धावपट्टी आणि दहा हजारांहून कमी वस्तीचे गाव. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेने आपले आकाश बंद केले, तेव्हा ३८ प्रवासी विमाने गँडरला उतरली. त्यांतून सुमारे ६,६०० माणसे खाली आली. त्यांना कोठे जावयाचे होते, त्याला आता अर्थ राहिला नव्हता.

त्या वेळी गावातील शालेय बसचालकांचा संप चालू होता. संप बाजूला ठेवून ते चालक बसवर चढले. शाळा, चर्च, सभागृहे उतारूंसाठी उघडली गेली. घराघरांतून पांघरुणे आणि शिजलेले अन्न आले. अन्न इतके जमले, की बर्फावरील खेळाच्या मैदानाचाच शीतगृह म्हणून उपयोग करावा लागला. आसपासच्या लहान गावांनीही वाटा उचलला. चार-पाच दिवसांनी विमाने उडाली. कोणी मोबदला मागितला नव्हता. मात्र एका विमानातील उतारूंनी लुइसपोर्ट या गावच्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी परतीच्या प्रवासातच निधी उभा केला. पुढे या घटनेवर संगीत नाटक झाले आणि २०१७ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरही आले. त्या पाच दिवसांत गँडरमध्ये प्रेक्षणीय असे काही कोणी पाहिले नाही. पाहिली ती माणसे.

आजच्या विमानाला वाटेत तहान लागत नाही. पण उतारूला विमान बदलावे लागते, आणि म्हणून मोठमोठी संधिस्थाने उभी राहिली आहेत. सिंगापूरच्या विमानतळाने बराच वेळ थांबणाऱ्या उतारूंना विनामूल्य नगरदर्शन घडविण्याची सोय केली आहे. सहा ते चोवीस तास थांबणाऱ्या आपल्या उतारूंना तुर्की विमान कंपनी इस्तंबूल दाखविते. पण यजमानाने दार उघडले तरी पाहुण्याला उंबरठा ओलांडता आला पाहिजे. त्या देशात पाऊल ठेवण्याचा परवाना आहे की नाही, सामान परस्पर पुढे जाणार की हाती येणार, याची चौकशी घरून निघतानाच झालेली बरी. आठ तासांच्या अवकाशातून बाहेर पडण्याचे, परतण्याचे आणि तपासणीचे तास वजा केले, तर हाती तीन-चार तासच उरतात. तेवढ्यात सारे शहर पाहू म्हणणाऱ्याच्या पदरी धावपळच येते. एक बाजार, एक देवालय किंवा नदीचा एक घाट निवडणारा मात्र काहीतरी घेऊन परततो. कोलंबोच्या एका दिवसाने विवेकानंदांना एक मूर्ती आणि एक अपुरा संवाद दिला. एका दिवसाचा तेवढा लाभ पुरेसा आहे.

या साऱ्या कथांतून एक गोष्ट स्पष्ट होते. वाटेवरचा मुक्काम प्रवाशाने मागितलेला नसतो. तो वाऱ्याने, कोळशाने, इंधनाने किंवा एखाद्या आपत्तीने लादलेला असतो. त्याची पाठशाळा करावयाची की कैदखाना, एवढेच माणसाच्या हाती असते. ज्या गावाला हे उमगले, ते थांबा सरल्यावरही टिकून राहिले. ज्या प्रवाशाला हे उमगले, त्याने पोहोचण्याच्या आधीच पुष्कळसे मिळविले. इत्सिंग ज्याच्या शोधात निघाला होता ती विद्या नालंदेत होती, हे खरे. पण नालंदेचे दार उघडणारी अक्षरे त्याला वाऱ्याची वाट पाहता पाहता भेटली होती.