ताऊलची चर्चे : वास्तू आणि तिच्यापासून दुरावलेली चित्रे

स्पेनच्या ईशान्येस, कातालोनियाच्या पिरेनीज पर्वतराजीत बोई नावाचे एक अरुंद खोरे आहे. या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर ताऊल हे लहानसे गाव वसले आहे. दगडी भिंती व पाटीच्या दगडाची उतरती छपरे असलेल्या घरांतून वर येणारे दोन चौकोनी घंटामनोरे प्रवाशाच्या दृष्टीस दुरूनच पडतात. त्यांपैकी एक सांत क्लिमेंतच्या चर्चचा व दुसरा सांता मारियाच्या चर्चचा होय. एवढ्याशा गावात एकाच काळी दोन मोठी चर्चे का उभी राहावीत, हा इतिहासाच्या अभ्यासकापुढील पहिला प्रश्न आहे.

सांत क्लिमेंतच्या एका स्तंभावर रंगविलेल्या लॅटिन लेखावरून त्या चर्चची प्रतिष्ठापना रोडाचा बिशप रामोन याच्या हस्ते १० डिसेंबर ११२३ रोजी झाल्याचे कळते. दुसऱ्याच दिवशी त्याच बिशपने सांता मारियाची प्रतिष्ठापना केली. या घाईमागे केवळ भक्तिभाव होता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. बोई खोऱ्यावरील धर्माधिकाराबद्दल रोडा व उर्जेल या दोन बिशपपीठांत दीर्घकाळ वाद चालू होता. अशा स्थितीत चर्चची प्रतिष्ठापना करणे म्हणजे त्या भूमीवरील आपला अधिकार जाहीर करणे होय. पुढे ११४० च्या तडजोडीने खोऱ्याचा बहुतेक भाग उर्जेलकडे गेला, हे ध्यानात घेतले असता स्तंभावरील त्या लेखाला धार्मिक नोंदीइतकेच राजकीय दस्तऐवजाचेही मोल येते. बांधकामासाठी लागणारा पैसा एरिलच्या सरदार घराण्याकडून आला असावा, असे सामान्यतः मानले जाते. या घराण्याने आरागॉनचा राजा पहिला अल्फोन्सो याच्या मुस्लिम सत्तांविरुद्धच्या मोहिमांत भाग घेतला होता.

या चर्चांची रचना साधी आहे. लांबट सभागृहाचे गोल स्तंभांच्या ओळींनी तीन भाग पाडलेले, वर लाकडी छप्पर आणि पूर्वेस तीन अर्धवर्तुळाकार गर्भस्थाने. मनोऱ्यावरील आंधळ्या कमानींच्या पट्ट्या उत्तर इटलीतील लोंबार्द शैलीचे वळण दाखवितात. यावरून पर्वतामुळे हे खोरे जगापासून तुटलेले नव्हते, हे उघड होते. मात्र मूळच्या दर्शकाला ही वास्तू आजच्यासारखी उघड्या दगडांची दिसत नव्हती. सांत क्लिमेंतच्या मुख्य गर्भस्थानात सिंहासनस्थ ख्रिस्ताचे भव्य चित्र होते. सांता मारियात बालख्रिस्तासह मारिया व तिला वंदन करणारे पूर्वेकडील ज्ञानी पुरुष चित्रित केलेले होते. चित्रकारांची नावे अज्ञात आहेत.

ही चित्रे आज मूळ जागी नाहीत. १९०७ साली पूच इ कादाफाल्क यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासमोहिमेने या खोऱ्यातील कला विद्वानांच्या नजरेस आणली. प्रसिद्धीबरोबर व्यापारीही आले. सांता मारिया दे मूर येथील गर्भस्थानाचे चित्र उतरविले जाऊन १९२१ साली अमेरिकेतील बोस्टनच्या संग्रहालयात दाखल झाले. हा धोका ओळखून बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने १९१९ ते १९२३ या काळात उरलेली चित्रे स्वतःच उतरवून घेतली. इटालियन कारागीर चित्रावर सरसाने कापड चिकटवीत, ते वाळल्यावर रंगाच्या थरासह सोलून काढीत व गुंडाळून खेचरांवरून डोंगराखाली नेत. पुढे तो थर दुसऱ्या कापडावर बसवून वरचे कापड गरम पाण्याने सोडविले जाई. १९३४ पासून ही चित्रे बार्सिलोनातील मोंजुइक टेकडीवरील राजवाड्यात आहेत.

या कृतीचे मूल्यमापन एकांगी असू नये. मंडळाने हात आखडता घेतला असता तर ताऊलची चित्रेही परदेशी विखुरली असती, असे मानण्यास आधार आहे. पण भिंतीवरचे चित्र ही सुटी वस्तू नव्हे. ते ठरावीक उंचीवरून, वेदीवरील दिव्यांच्या प्रकाशात, उपासना करणाऱ्या ग्रामस्थांकडे पाहण्यासाठी काढलेले होते. संग्रहालयाने रंग वाचविले. त्या रंगांचा ग्रामस्थांशी असलेला संबंध मात्र त्याला वाचविता आला नाही. ज्या गावाने आठ शतके ही चित्रे सांभाळली, त्या गावाकडे रिकाम्या भिंती उरल्या.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्नही इतिहासाचाच भाग झाले आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांत क्लिमेंतमध्ये चित्राची प्रतिकृती बसविण्यात आली होती. ती काढून २०१३ पासून मूळ चित्राचे प्रकाशरूप भिंतीवर टाकले जाते. त्याच भिंतींवर मागे राहिलेले मूळ रंगांचे अवशेषही दिसतात. २००० साली युनेस्कोने या खोऱ्यातील नऊ प्रार्थनास्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

म्हणून ताऊलच्या अभ्यासकाला दोन प्रवास करावे लागतात : एक डोंगरातील गावाचा आणि दुसरा बार्सिलोनातील संग्रहालयाचा. पहिल्यात स्थान आहे पण चित्र नाही; दुसऱ्यात चित्र आहे पण स्थान नाही. ११२३ सालची ती वास्तू या दोहोंपैकी कोणत्याही एका ठिकाणी पूर्णपणे आढळत नाही. दोन्ही पुरावे एकत्र वाचूनच तिची पुनर्रचना करावी लागते.