सैन्यभरतीतील शरीरमापे : महार पलटणीच्या इतिहासाच्या संदर्भात

सैन्यभरतीतील उंचीची पट्टी व छातीची फीत यांना जात कळत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो खराही आहे. परंतु पट्टीसमोर उभे राहण्याचा अधिकार कोणास होता, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ क्वेटले याने 1835 मध्ये मांडलेल्या 'सरासरी मनुष्य' या कल्पनेस पुढे 5,738 स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांचा आधार दिला. भारतात मात्र मोजमापाचा रोख व्यक्तीकडून जातीकडे वळला. हर्बर्ट रिस्ले यांनी नासिका निर्देशांकावरून जातींची वांशिक उतरंड लावली. त्याच सुमारास सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स (1885-1893) यांच्या कारकिर्दीत 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत भरतीचे धोरण बनला. या दोहोंत थेट कार्यकारणसंबंध जोडणे घाईचे ठरेल. परिणाम मात्र स्पष्ट आहे. 1818 मध्ये कोरेगाव येथे लढलेल्या महारांची भरती 1890 च्या दशकात बंद झाली. त्यांची छाती कमी भरली म्हणून नव्हे. मोजण्यापूर्वीच ते अपात्र ठरले होते.

गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये व शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. निवेदनांनी जे साधले नाही ते महायुद्धातील मनुष्यबळाच्या गरजेने साधले. 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर काही वर्षांतच विसर्जित झाली. तीच शरीरे इतक्या अल्पकाळात पात्र व पुन्हा अपात्र! अखेर 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. 1948 मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी नासिकामापांच्याच आधारे अस्पृश्यांच्या वेगळ्या वंशाचे मत खोडून काढले, ही बाब विशेष लक्षणीय होय.

आजचे निकष जातीवर नव्हे, प्रदेशावर बेतलेले आहेत. जनरल ड्यूटी शिपायासाठी महाराष्ट्रात 168 सेंमी उंची, 77 सेंमी छाती व 5 सेंमी फुगवटा अपेक्षित असतो. तेलंगणात उंची 166 सेंमी पुरते. 1956 पर्यंत मराठवाडा व तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते. म्हणजे देगलूरच्या तरुणास सीमेपलीकडील शेजाऱ्याहून दोन सेंमी अधिक हवेत. गारखेडा येथील विभागीय क्रीडा संकुलासारख्या मैदानावर सरावाने 1600 मीटरची वेळ सुधारता येते व तिला गुणही असतात. उंची सरावाने वाढत नाही. सैनिक-पुत्रांस उंचीत 2 सेंमीची सवलत आहे. ज्या घराण्यांचा लष्कराशी असलेला पिढीजात संबंध 1890 च्या दशकातच तोडला गेला, त्यांच्या वंशजांस अशी सवलत वारशाने मिळत नाही.