काळ्या मातीचे भौतिक रसायन : प्रस्तावना

सोनपेठच्या शिवारात मे महिन्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की त्या मिटतात. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइटसारखी खनिजे भरपूर. त्यांचे थर जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचे, भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक रचलेले. थरांवर ऋण भार असतो. तो फेडायला मध्ये कॅल्शियम, सोडियमचे आयन बसतात, आणि पाणी मिळाले की तेच त्याला आत ओढतात.

इथवर रसायनशास्त्र पुरते. पुढे अडते. कॅल्शियम असेल तर थरांमधले अंतर साधारण दुपटीवर थांबते. सोडियम वाढले की थर सुटे होतात, निचरा बंद पडतो आणि जमीन चोपण होते. शेतकरी अशा जमिनीत जिप्सम टाकतो, म्हणजे कॅल्शियम घालून सोडियमला हुसकावतो. पण कॅल्शियमलाच हे का जमावे?

थरांना दूर लोटणारा दाब आणि जवळ आणणारी ओढ यांचा हिशेब 1941 मध्ये देर्यागिन आणि लांडाऊ यांनी मांडला. देर्यागिन पृष्ठभागांच्या रसायनातले. लांडाऊंचा अतितरल हेलियमवरचा सिद्धांत त्याच वर्षीचा. व्हेरवे आणि ओव्हरबेक 1948 मध्ये स्वतंत्रपणे तिथेच पोचले. तरी कॅल्शियमचे कोडे उरलेच, कारण या गणितात प्रत्येक आयनाला शेजाऱ्यांची फक्त सरासरी दिसते. दुहेरी भाराचे आयन एकमेकांना टाळून जागा धरतात आणि त्यातूनच थरांमध्ये ओढ निर्माण होते, हे 1984 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी संगणकावर दाखवले. माझ्या मते या विषयातला सर्वांत देखणा निष्कर्ष हाच.

आपल्याकडे बी.एस्सी.ला स्फटिकरचना आणि ब्रॅगचा नियम भौतिक आणि रसायन अशा दोन्ही विभागांत शिकवतात. एका विभागाला दुसऱ्याची खबर नसते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भौतिक आणि रसायन या दोन्ही शास्त्रांचे अभ्यासक आहेत, परभणीच्या कृषी विद्यापीठात मातीचे. तिघांनी एका नमुन्यावर बसावे, एवढेच मागणे आहे.

सुरुवातीला महागडे यंत्र नको. चोपण रानातली माती दोन मोजनळ्यांत घ्या, एकीत ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसरीत जिप्समचे निवळलेले पाणी घालून घुसळा. कुठला गाळ आधी बसतो ते पाहा. साध्या मिठाचे पाणी पुरेसे तीव्र केले तर तेही गाळ बसवते. त्याचे कारण दुसऱ्या प्रकरणात आहे.