न घडलेल्या मारहाणीची मोजणी

मुंबईतल्या चारकोपची बैठी घरे हिंसेच्या अभ्यासकाला सोयीचीही आहेत आणि अडचणीचीही. 1985 मध्ये मंजूर झालेल्या जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्यातून म्हाडाने इथे छोटे भूखंड पाडले. सुमारे 35 घरांची एक सोसायटी, मधे सामाईक अंगण. नमुना-निवडीला आयते गट! पण भिंतीला भिंत लागलेली. शेजारी भांडे पडले तरी ऐकू येते. तिथे ‘नवऱ्याने कधी हात उचलला का?’ हे बाईला विचारायचे कुठे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रश्न घरातल्या एकाच स्त्रीला, एकांतात विचारतात. कुणी डोकावले की विषय बदलायचा, जमलेच तर पुन्हा यायचे. खेपा वाढल्या की खर्च वाढतो. सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील 18 ते 49 वयाच्या, कधीतरी लग्न झालेल्या स्त्रियांपैकी 25.2 टक्के स्त्रियांनी पतीची हिंसा सोसल्याचे सांगितले.

ही झाली मोजणी. हिंसा कमी कशाने होते, हा प्रश्न निराळा आणि महागडा.

हिंसा घडल्यानंतरच्या मदतीचा मार्ग मुंबईने शोधला आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये पोलीस आयुक्तालयात सुरू केलेला विशेष कक्ष पुढे शासनाने स्वीकारला. 2000 मध्ये महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे मदत केंद्र उभे केले. अशा ठिकाणी आलेल्या बायका मोजता येतात, म्हणून अनुदानही मागता येते. न घडलेली मारहाण कोणत्या रजिस्टरात लिहिणार? ती मोजायची तर हिंसा रोखण्याचा उपक्रम राबवलेल्या वस्त्यांबरोबर तो न राबवलेल्या वस्त्याही तुलनेला घ्याव्या लागतात, आणि त्या पुरेशा संख्येने. युगांडातील कंपालातल्या ‘सासा’ या हिंसा-प्रतिबंधक उपक्रमाच्या चाचणीत जोडीदाराची शारीरिक हिंसा 52 टक्के कमी दिसली. पण वस्त्या अवघ्या 8, त्यामुळे तो आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीवर डळमळीतच राहिला. मुंबईत ‘स्नेहा’ या संस्थेने 48 वस्तीगटांची चाचणी आखली. तिला पैसा दिला लंडनच्या वेलकम ट्रस्टने.

आणखी एक पेच आहे. उपक्रम रुजू लागला की बायका बोलू लागतात, तक्रारी आधी वाढतात. वर्षभराचे अनुदान देणारा तेवढ्यावरच ‘अपयश’ असा शेरा मारून मोकळा होतो.

2013 मध्ये 1000 कोटींनी सुरू झालेल्या, स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठीच्या केंद्र सरकारच्या निर्भया निधीचा पैसा कॅमेऱ्यांना आणि मदत केंद्रांना मिळतो. त्यातला ठरावीक हिस्सा किमान पाच वर्षे चालणाऱ्या हिंसा-प्रतिबंधाच्या चाचण्यांसाठी राखून ठेवावा.