शक्तिहीन विमानाचे अवतरण: फ्लॅप आणि चाके

१९३० च्या दशकात डग्लस कंपनीच्या डीसी-२ आणि डीसी-३ या प्रवासी विमानांत आत ओढून घेता येणारी चाके आणि पंखाच्या मागच्या कडेला खाली वळणारे फ्लॅप या दोन सोयी एकत्र आल्या. चाके आत घेतल्याने हवेचा अवरोध घटून वेग वाढला, तर फ्लॅपमुळे पंखाचा बाक वाढून कमी वेगातही विमानाला तोलून धरणारे उचल-बल मिळू लागले. मात्र ही सारी रचना इंजिने चालू असल्याचे गृहीत धरून झाली होती.

इंजिने बंद पडल्यावर विमान लगेच कोसळत नाही. नाक किंचित खाली ठेवून ते उंची खर्ची घालते आणि वेग टिकवते. एक किलोमीटर उंची गमावताना ते जितके किलोमीटर पुढे जाते, त्याला सरक-गुणोत्तर म्हणतात, आणि चाके व फ्लॅप आत असताना आधुनिक जेट विमानात ते साधारणपणे १५ ते १८ इतके असते. चाके बाहेर आली की केवळ अवरोध वाढतो. फ्लॅप उचल-बल वाढवतात, परंतु पूर्ण उघडल्यावर अवरोध त्याहून अधिक प्रमाणात वाढवतात, आणि दोन्हींमुळे सरक-गुणोत्तर घटते.

२३ जुलै १९८३ रोजी पौंड व किलोग्रॅम यांच्या गफलतीमुळे कमी इंधन भरलेले एअर कॅनडाचे बोइंग ७६७ सुमारे ४१,००० फुटांवर इंधनाविना राहिले. वाऱ्याच्या झोतावर फिरणाऱ्या छोट्या टर्बाइनमुळे विमान वळवण्यापुरता द्रवदाब मिळाला, परंतु फ्लॅप उघडता आले नाहीत, आणि चाके स्वतःच्या वजनाने खाली सोडावी लागली, त्यांपैकी पुढचे चाक जागी अडकलेच नाही. गिमली येथील जुन्या हवाई तळाशी विमान फार उंच व वेगात पोहोचल्याने, ग्लायडर उडवण्याचा अनुभव असलेले कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांनी ते तिरके घसरवत अवरोध मुद्दाम वाढवला. विमानातील ६९ जण वाचले.

१२ जुलै २००० रोजी क्रीटमधील हानियाहून निघालेल्या हापाग-लॉइडच्या एअरबस ए३१० ची चाके पूर्णपणे आत गेली नाहीत, म्हणून वैमानिकांनी ती बाहेर ठेवूनच प्रवास पुढे चालू ठेवला. उड्डाण-व्यवस्थापन संगणकाच्या इंधन-हिशेबात या वाढीव अवरोधाची दखलच नव्हती, त्यामुळे व्हिएन्ना जवळ आले असतानाच इंधन संपून दोन्ही इंजिने थांबली आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे जमिनीवर टेकले. जीवितहानी झाली नाही.

१७ जानेवारी २००८ रोजी हीथ्रोजवळ इंधनातील बर्फामुळे ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७७७ ची दोन्ही इंजिने मंदावली, तेव्हा कॅप्टन पीटर बर्किल यांनी फ्लॅप किंचित आत घेत ‘३०’ या स्थितीवरून ‘२५’ वर आणले. उचल-बल घटून विमान अकस्मात खचण्याचा धोका त्यात होता, परंतु अवरोध घटल्याने जमिनीला टेकण्याची जागा सुमारे ५० मीटर पुढे सरकली आणि दिशादर्शक अँटेनाशी होणारी धडक टळली, असे तपासात आढळले.

या तीन घटनांतून एकच निष्कर्ष निघतो: शक्तिहीन विमानात अवरोध हा एरवी शत्रू असला तरी उंची जास्त झाल्यावर तोच उपयोगी पडतो, म्हणून धावपट्टी गाठण्याची खात्री होईपर्यंत चाके आणि फ्लॅप शक्यतो आवरून ठेवणे हेच शहाणपणाचे ठरते.