प्रोग्रॅमिंगची साधने : पॅकेज मॅनेजर की अधिकृत इन्स्टॉलर?

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी : अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला, की पायथॉन, जावा किंवा सी भाषेचा कंपायलर संगणकावर बसवण्याची वेळ येते. पुंडलिकनगरसारख्या निवासी वसाहतीत अनेकदा घरात एकच संगणक असतो. त्यावरच ऑनलाइन अर्ज, हिशेब आणि धाकट्या भावंडांचा अभ्यास चालतो. साधन चुकीच्या पद्धतीने बसवले, तर अडचण साऱ्या घराची होते. म्हणून सुरुवातीलाच योग्य मार्ग निवडणे हिताचे ठरते.

दोन मार्ग

निर्मात्या संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायची फाइल म्हणजे अधिकृत इन्स्टॉलर. पॅकेज मॅनेजर ही त्याहून व्यापक व्यवस्था आहे. एका आज्ञेसरशी ती साधन आणते, त्याला लागणारे इतर घटक जुळवते, पुढे ते अद्ययावत करते आणि नको असल्यास काढूनही टाकते. डेबियन लिनक्समध्ये 'एपीटी' १९९९ साली आली. मॅकसाठी 'होमब्रू' २००९ मध्ये सुरू झाली, तर विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टने 'विंगेट' २०२० मध्ये जाहीर केली. विंगेट बहुधा निर्मात्याचाच इन्स्टॉलर आणते. मात्र फाइलची नोंदवलेली खूण जुळल्याशिवाय तो चालवत नाही.

आवृत्तीचा प्रश्न

लिनक्स वितरणे नवेपणापेक्षा स्थैर्याला महत्त्व देतात. उबुंटू २२.०४ मध्ये पायथॉन ३.१०, तर २४.०४ मध्ये ३.१२ मिळते. त्यापुढची आवृत्ती हवी असल्यास अन्य मार्ग धरावा लागतो. इन्स्टॉलरने हवी ती आवृत्ती मिळते, पण देखभाल वापरणाऱ्याच्या माथी येते. पायथॉन ३.१० चे विंडोज व मॅकसाठीचे इन्स्टॉलर एप्रिल २०२३ मधील ३.१०.११ पर्यंतच निघाले. त्यानंतरच्या सुरक्षा-दुरुस्त्या केवळ मूळ संहितेच्या रूपात आल्या. उबुंटूने मात्र त्या आपल्या पॅकेजमध्ये पोहोचवल्या.

सुरक्षितता

कोणताही मार्ग पूर्णतः निर्धोक नाही. २०१७ मध्ये 'सीक्लीनर'च्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच घातक संहिता शिरली व सुमारे २२ लाख ७० हजार वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या लिनक्स साधनात चोरवाट आढळली. ती डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत आली होती, स्थिर आवृत्तीत नव्हती. वितरणांच्या संथ गतीचा असाही उपयोग होतो.

सर्वांत महागात पडणारी चूक

उबुंटूचे अनेक भाग संगणकातील मूळ पायथॉनवर अवलंबून असतात. 'जुने नको' म्हणून ते काढून टाकल्यास डेस्कटॉपच नाहीसा होऊ शकतो. या पायथॉनमध्ये परस्पर भर घातली जाऊ नये, म्हणून २०२३ च्या डेबियन १२ पासून 'पिप' तशी आज्ञा नाकारते. प्रत्येक प्रकल्पासाठी 'व्हेन्व्ह'ने स्वतंत्र वातावरण तयार करणे हाच त्यावरचा मार्ग.

निवड कशी करावी?

* लिनक्सवर कंपायलर, गिट अशी नित्याची साधने पॅकेज मॅनेजरनेच घ्यावीत.
* विंडोजवर एखादेच साधन हवे असल्यास अधिकृत इन्स्टॉलर पुरेसा आहे. शोधयंत्रातील जाहिरातीवर न जाता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकित करावा.
* अभ्यासक्रमाने ठरावीक आवृत्ती सांगितली असेल, तर प्रथम ती पॅकेज मॅनेजरमध्ये आहे का, हे पाहावे.
* एकच साधन दोन्ही मार्गांनी बसवू नये. आज्ञा दिल्यावर कोणती प्रत चालते हे 'पाथ'मधील क्रमावर ठरते आणि अद्ययावत होते ती भलतीच.

मराठीतून माहिती हवी असणाऱ्यांसाठी मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सवरील 'सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजर'चा पाठ आहे. कोणताही मार्ग निवडला, तरी काय, कोठून व कोणत्या तारखेला बसवले याची नोंद वहीत ठेवावी. संगणक बिघडल्यावर दुरुस्ती तेथूनच सुरू होते.