जमीन, वतन आणि विटाळ



अमेरिकेत माणसाचा दर्जा कातडीच्या रंगावरून ठरला. आपल्याकडे तो जातीवरून ठरला. पण आपल्या बीडकडच्या एखाद्या गावात पाटलाचा व महाराचा तोंडवळा शेजारी ठेवला, तर परक्या माणसाला फरक सांगता येणार नाही. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, ही कल्पना डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात खोडून काढली. मग रंग निराळा नसताना दोन्हीकडची वागणूक इतकी सारखी कशी? याचे एक मोठे कारण हिशेबाच्या वहीत सापडते.

जुन्या गावगाड्यात सांगावा नेणे, वेस राखणे, मेलेले ढोर ओढणे, सरकारी माणसाच्या पुढे धावणे ही कामे महाराची. मोबदला काय? थोडे बलुते आणि हाडोळ्याचा तुकडा. वतन म्हणावयाचे, पण ते वेठीचे दावे होते. कामाला वेळकाळ नाही, आणि नकार दिला तर पोट बंद. अशा माणसाला बरोबरीचा मानले, तर मजुरीही बरोबरीची द्यावी लागली असती. विटाळाने तो खर्च वाचविला. म्हणूनच १९२८ साली आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले.

अमेरिकेतही तेच घडले. १८६५ साली गुलामगिरी गेली, जमीन मात्र मळेवाल्यांकडेच राहिली. मोकळा झालेला निग्रो बटईने कापूस पिकवू लागला आणि दुकानदाराच्या उधारीत अडकला. १९४६ साली आंबेडकरांनी डु बॉईस या निग्रो विद्वानाला पत्र लिहिले, ते दोन्ही दुःखांतले साम्य ओळखूनच.

कोणी विचारील, पैसा आला की विटाळ जातो काय? नाही. १९१७ साली परदेशी शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीवर आलेल्या आंबेडकरांना राहावयास जागा मिळाली नाही. स्वार्थातून वाढलेली रूढी पुढे स्वार्थावाचूनही जगते. परंतु तिला खतपाणी घालणारी व्यवस्था तशीच ठेवून नुसता उपदेश केला, तर तो वाऱ्यावर जातो.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्य बदलले, घटना आली, अस्पृश्यता गुन्हा ठरली. पण बहुतेक जमीन होती तेथेच राहिली. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. नावाचा प्रश्न १९९४ साली सुटला. गावातले जुने शस्त्र मात्र बहिष्काराचे : शेतावरचे काम बंद, दुकानातले सामान बंद. ज्याच्यापाशी स्वतःचे शेत आहे, त्याच्यावर हे शस्त्र निम्मे बोथट होते.

हे ओळखून आपल्याच जिल्ह्यातील एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानातर्फे भूमिहीनांना गायरान कसावयास लावले. गायरानाचा सात-बारा हा नुसता कागद नव्हे. मजुरीचा दर पटला नाही तर घरी बसण्याची मुभा त्यात आहे, आणि ज्याला नाही म्हणता येते त्याला अरेतुरे करणे हळूहळू अवघड होते.